मधल्या कढईचे मास्तर

गिरणीवाल्या शेठनं मास्तरांना फसवलं. नंदुरबारात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. मी बोलतो, म्हणून मला भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मुंबईला रसायनाच्या कारखानदारीचं नवं शिक्षण घेऊन लढाईच्या काळात ते शेठच्या तेलगिरणीत आले. मोहाच्या तेलाचा साबण काढून द्यायचा, हे त्यांचं काम. मोहाच्या बिया मी पुरवत असे. उकळतं भांडं दिसलं की हा माणूस थांबलाच. सारंगखेड्याच्या जत्रेत मी त्यांना घोडे दाखवायला नेलं, तर ते जिलबीवाल्याच्या कढईपाशीच खिळले. शेवटी तो वैतागला. "मास्तर, नजर लाई ऱ्हायनात का? लेनी व्हई तर ल्या, नही तर सरका." यांनी मुकाट्यानं जिलबी घेतली, तो सांगेल त्या भावानं. माझा जन्म रुमालाखाली बोटं दाबून सौदे करण्यात गेलेला. मी चिडलो. "अहो, घासाघीस तरी करायची."

"भाऊ, तेवढ्यात त्याची आच पाहून घेतली. सौदा मलाच स्वस्त पडला," ते म्हणाले.

शिशीत जमलं ते कढईत जमेलच असं नाही, हे त्यांचं पालुपद. लहान भांड्याची ऊब चटकन निघून जाते, मोठ्याच्या पोटात ती कोंडते. म्हणून शिशी आणि मोठी कढई यांच्यामध्ये एक मधली कढई हवी. चुका करायच्या त्या तिच्यात करून घ्यायच्या.

बियांच्या पोत्यावर बसून ते पुढच्या काळाचं बोलत. "आज रसायनवाला शिशी हलवतो आणि मिस्त्री चाक फिरवतो. दोघांची ओळख नाही. उद्या या दोघांमध्ये उभा राहणारा माणूस लागेल. खत, औषध, कापडाचा रंग, सगळं त्याच्या हातून जाईल. आणि उरलेलं घाण पाणी तापीत सोडायचं की नाही, हेही त्यालाच सांगावं लागेल." तसा माणूस आपल्या मुलांतून घडावा, एवढा एकच हट्ट. शेठनं शब्द दिला होता: आधी मधली कढई, साबण निघाला की गिरणीमागच्या छपरीत मुलांचा वर्ग. या शब्दावर मास्तरांनी मुंबईची नोकरी सोडली.

मधली कढई सुरतेहून आलीही. शेठनं ती परस्पर एका गूळवाल्याला देऊन टाकली. मास्तरांनी विचारलं तर हसले. "कसाले नाराज व्हतस, मास्तर? शिशीमा व्हयनं, मोठामा बी व्हई." मोठ्यात असं जमणार नाही, मास्तरांनी साफ सांगितलं. मी तिथंच उभा होतो.

मग शेठनं मोठ्या कढईचा मुहूर्त काढला. बडे पाहुणे येणार होते. त्या दिवशी मास्तर माझ्याबरोबर अक्कलकुव्याच्या बाजारात बिया निवडत होते. मुहूर्ताचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. इकडे शेठनं शिशीतलं माप लग्नाच्या स्वयंपाकासारखं गुणून घेतलं, तेल आणि कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा एकदम ओतवला, खाली जाळ घातला. कढई उतू गेली. गिरणीतला मजूर, सातपुड्यातला दित्या पावरा जवळ उभा होता. त्याचे दोन्ही डोळे गेले.

पंच बसले. शेठ म्हणाले, "गणित मास्तरनं. मी काय शिकेल शे?" मी अक्कलकुव्याचं सांगितलं. शेठचा आणि माझा बियांच्या दरावरून वाद चालूच होता, म्हणून माझी साक्ष आकसाची ठरली आणि दोष मास्तरांच्या माथी बसला. दित्याला तर कोणी विचारलंच नाही.

मास्तरांना गाडीवर पोचवायला मी एकटाच. "लढा की," मी म्हणालो. "आते गप का ऱ्हायनात?"

"माझं नाव गेलं ते गेलं," ते म्हणाले. "पण आता इथला कोणताही बाप मुलाला हे शिकायला पाठवणार नाही. ते कसं भरून काढू, भाऊ?"

वर्षाच्या आत ते परमुलखात तापानं गेले. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. माझ्या सख्ख्या भावानं पोराला कारकुनीला लावलं. म्हणाला, "ती ईद्या नको. मास्तरनं काय व्हयनं ते देखं ना?"

शेठ अजून गादीवर बसतात. दित्या बाजाराच्या दिवशी गिरणीच्या भिंतीशी बसतो. शेठनं खाली उतरून त्याच्यासमोर उभं राहावं आणि त्या सकाळी जाळ घाला असं कोण म्हणालं, ते सांगावं. दित्या आवाज ओळखतो.