दानेश्वरीचा साधा प्रश्न

जुळे सोलापुरात पार्लर चालवणारी दानेश्वरी भुवया कोरण्याआधीच गिऱ्हाइकाला “दुखेल हं” म्हणून सांगते. स्तन मोठे करण्याच्या शस्त्रक्रियेआधी तिनेही डॉक्टरांना विचारलं, “चीर दिल्यावर स्तनाग्राची संवेदना राहील ना?”

“व्रण अजिबात दिसणार नाही,” डॉक्टर तिच्या नवऱ्याकडे, महेश्वरकडे बघत म्हणाले.

“व्रणाचं कोण विचारतंय?”

“अगं, दिसणार नाही म्हणतायत की,” महेश्वरने समजूत काढली.

“अहो, तुम्ही गप्प बसा जरा!”

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, चीर स्तनाग्राभोवती दिली काय किंवा स्तनाखाली दिली काय, बधिरपणा येऊ शकतो. बहुतेकींचा काही महिन्यांत जातो, एखादीचा कायम राहतो.

“मग आधीच सांगायचं की!” दानेश्वरी उठली. “विचार करून येते.”

“पण लोकांना काय कळणार आहे?” महेश्वर म्हणाला.

“मला कळेल ना!”