मेल्यानंतरचे तास

फ्युनरल होमच्या मागच्या खोलीत आप्पांना सदरा घालता येईना. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे साहेब, आणि त्यांचे दोन मित्र घामाघूम झाले होते. डावा हात बाहीत गेला, उजवा जाईना. तो अडीच वर्षांपासून लुळा होता. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होतो. साहेबांनी दार अर्धं उघडलं.

"अरे, जरा ये. तुला जमतं ते."

जमतं. लुळा हात आधी घालायचा, चांगला नंतर. काढताना उलटं. मी सदरा पूर्ण काढला, पुन्हा घातला. धोतर नेसवलं. हनुवटीखाली दाढीचे चार खुंट राहिले होते, ते काढले. साहेबांचे मित्र भिंतीकडे बघत होते. मेलेल्या माणसाचं अंग जड होतं. पण मला त्या अंगाचा कोपरा न् कोपरा पाठ होता.

मग गुरुजी आले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"झालं ना तुझं? मग आता बाहेर थांब."

"साहेब, तोंडात पाणी घालताना मी..."

"ते घरच्यांचं असतं. तू पार्किंगमध्ये थांब. लोक येतायत."

मी पार्किंगमध्ये थांबलो. अमेरिकेतल्या पार्सिपनीतला भर उन्हाळा. डांबर तापलेलं. एकेक गाडी येत होती, पांढरे कुडते उतरत होते. आप्पांना कधी पाणीही न पाजलेली माणसं आत जात होती. एका काकूंनी मला विचारलं, "गाड्या इकडेच लावायच्या का?" मी हो म्हणालो. पुढे अर्धा तास मी लोकांना गाड्या लावायला जागा दाखवत होतो.

माझ्या आज्यानं गावात मेलेली ढोरं ओढली. बापानं ते काम सोडलं, त्यासाठी मार खाल्ला आणि नागपूरला येऊन रिक्षा ओढली. आणि मी सात समुद्र ओलांडून मेलेल्याला कपडे घालून बाहेर उभा होतो. त्या दिवशी हे एवढं स्पष्ट सुचलं नव्हतं. त्या दिवशी मला एवढंच वाटत होतं, की साहेब नाराज तर नाहीत ना.

मी असाच होतो. घाबरट आणि उपकारानं वाकलेला.

माझी बायको नर्स. तिच्या जोरावर आम्ही अमेरिकेत आलो. तिला हॉस्पिटलनं बोलावलं, कागद झाले, तिच्या मागे माझंही ग्रीन कार्ड झालं. मी आठवीत शाळा सोडलेली. इथे पेट्रोल पंपावर राहिलो, गोदामात खोकी उचलली. मग बायकोच्या ओळखीतून कळलं, एका मराठी घरात म्हातारे आजोबा आहेत, अर्धांगवायू झालाय, माणूस हवाय. पगार सरकारची योजना देते. आजोबा अमेरिकेचे नागरिक झालेले, नावावर काही नाही, म्हणून त्यांना मदत मिळते. घरच्यांनी माणूस निवडायचा, माणसानं तास लिहायचे, योजनेच्या ऑफिसनं चेक पाठवायचा.

साहेबांनी नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. सांगितलं.

"अच्छा," म्हणाले.

त्या अच्छाची मला लहानपणापासून ओळख आहे.

तरी काम दिलं. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, देवमाणूस आहे.

त्या घरात सगळे स्टीलच्या पेल्यात चहा घ्यायचे. मला पेपर कप. आलेल्या पाहुण्यांना चिनी मातीचे मग. मला पेपर कप. अडीच वर्षं. अमेरिकेत हे सोपं आहे. वेगळा पेला ठेवावा लागत नाही, विसळायला लावावं लागत नाही. पिऊन झालं की कचऱ्यात. कोणी विचारलं तर, "अगं, धुवायला कोण बसतंय." साहेबांच्या मित्रांना अहो, मला अरे. मी साहेबांपेक्षा चार वर्षांनी मोठा.

आप्पाही काही संत नव्हते. पहिल्या महिन्यात माझ्या हातचं पाणी प्यायला ते तोंड वळवायचे. मग तहान लागली, प्यायले. पण एक गोष्ट होती. ते महाराष्ट्रात सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. दर पंधरा दिवसांनी माझ्या तासांचा कागद यायचा. खाली दोन सह्या, एक माझी, एक त्यांची. आप्पा चष्मा लावून एकेक ओळ तपासायचे. "गुरुवारी तू साडेचार तास होतास. चार का लिहिलेस? दुरुस्त कर." आणि डाव्या हातानं, कोंबडीच्या पायासारखी, पण स्वतः सही करायचे. प्रेम नव्हतं ते. कागद खोटा असू नये, एवढंच.

त्यांना दुसरा झटका आला तेव्हा तीही सही बंद झाली. ऑफिसनं वहिनींना त्यांच्या वतीनं सही करायची परवानगी दिली. वहिनी म्हणजे साहेबांची बायको, मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्या म्हणाल्या, "दर वेळी तुला शोधत बसू का मी? चार-पाच कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेव. मी भरीन आणि माझ्या ऑफिसमधून फॅक्स करीन."

मी केल्या. पाच कोरे कागद. पाच सह्या. आणि वर थँक्यू म्हणालो.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आप्पा माझ्यासमोर गेले. चमच्यानं पेज भरवत होतो. गिळली नाही. बस.

शुक्रवारी वहिनींनी मला घरी बोलावलं. मला वाटलं, निरोपाचं बोलतील. साहेब ओट्याशी उभे होते. वहिनींनी डायनिंग टेबलवर दोन कागद ठेवले. तासांचे कागद.

"बस," त्या म्हणाल्या. अडीच वर्षांत त्या टेबलाशी पहिल्यांदा.

"हे बघ. हा पंधरवडा पूर्ण भरलाय. आणि हा पुढचा. ऑफिसला आम्ही अजून कळवलेलं नाही. डेथ सर्टिफिकेट वगैरेला वेळ लागतोच. तुझी पण नोकरी गेली ना एकदम. तुझाच विचार केला आम्ही."

मी कागद बघितला. मंगळवारपर्यंत माझे खरे तास होते. त्याच्यापुढे बुधवार, गुरुवार, शुक्रवार. रोज सहा तास. आंघोळ, जेवण, फिरवणं. आप्पा राख झाले होते आणि कागदावर मी त्यांना फिरवत होतो.

"वहिनी, आप्पा तर मंगळवारी..."

"माहितीये. तू सही कर. चेक तुझ्याच नावानं येणार. निम्मे तू ठेव. निम्मे आम्हाला कॅश दे, अस्थी घेऊन नाशिकला जायचंय, तिकिटं काय झालीयत बघ."

"पण हे खोटं होईल."

साहेब हसले. रागानं नाही. लहान मुलाला हसतात तसं.

"अरे, सरकारचे पैसे आहेत. तुम्हा लोकांना सरकारचे पैसे घ्यायला कधीपासून अवघड वाटायला लागलं?"

वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे ना यार, तू पण काय." पण त्याही हसत होत्या.

आठवीत मास्तर शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्यानं वाचायचे. एकेकाला उभं करायचे. "या, सरकारचे जावई." वर्ग हसायचा. मी टेबलापर्यंत जायचो, सही करायचो, मान खाली घालून परत यायचो. एकदा नाव घेतलं तेव्हा मी उठलोच नाही. मग दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो नाही. मग कधीच गेलो नाही. लोकांना सांगतो, गरिबीमुळे सुटली. गरिबी होती. पण शाळा त्या हसण्यानं सुटली.

आणि इथे साहेबांच्या हॉलमध्ये शनिवारच्या पार्ट्यांत रिझर्वेशनवर काय काय बोलणं चालायचं. मेरिट. फुकटे. देश बुडाला. मी आतल्या खोलीत आप्पांचे पाय चोळत ऐकायचो. दार उघडंच असायचं. बंद करावं असं कोणाला वाटायचं नाही. आणि आता तोच माणूस मेलेल्या बापाच्या नावावर सरकारचे पैसे काढत होता, चोर म्हणून माझं नाव पुढे करत होता, आणि लाज माझी काढत होता.

वहिनींनी हातात दिलेलं पेन मी टेबलावर ठेवलं.

"मी मंगळवारपर्यंतचे तास लिहितो. त्यावर सही करतो. पुढचे नाही."

"मग मी पण त्याच्यावर सही करणार नाही," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "माझ्या सहीशिवाय तुला या आठ दिवसांचेही मिळणार नाहीत. विचार कर."

"नाही करत."

"आणि तुझ्या सह्या केलेले कोरे कागद आहेत माझ्याकडे. मी तुला विचारायचीही गरज नव्हती. माणुसकी म्हणून बोलावलं."

मी उठलो. दारापाशी सवयीनं "येतो वहिनी" म्हणालो. त्याची मला अजून चीड येते.

गाडीत बसल्यावर कळलं की मी काय करून ठेवलंय. त्यांनी तो कागद फॅक्स केला की सही माझी. चेक माझ्या नावानं. पकडलं गेलं तर आत मी. ग्रीन कार्ड जाणार. बायकोच्या नोकरीवर येणार. घरून तिला हॉस्पिटलमध्ये फोन लावला. ती ड्यूटीवर होती, दोन मिनिटं बोलली.

"काहून केल्या कोऱ्यावर सह्या?"

"साहेबांनी काम दिलं होतं म्हणून."

"काम तू केलंस. दिलं काय त्यांनी?" मग म्हणाली, "त्यांनी फॅक्स करायच्या आत तू फोन कर. ऑफिस पाचला बंद होते."

"माझं इंग्रजी..."

"मेला, मंगळवारी मेला, एवढं सांगता येते ना तुले? कर."

चार वाजून दहा मिनिटं. मी नंबर फिरवला. वीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक बाई आली. मी कागदावर लिहून ठेवलेलं वाचलं. तो माणूस मेला. मंगळवार, सकाळी अकरा. त्यानंतर मी काम केलं नाही. माझ्या सहीचे कोरे कागद त्यांच्या घरी आहेत. त्यानंतरचे तास आले तर ते माझे नाहीत.

कीबोर्ड वाजला. तिनं मला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं. मग म्हणाली, केस मंगळवारपासून बंद. त्यापुढचा कुठलाही कागद पास होणार नाही. फोन केलात ते बरं झालं.

मी विचारलं, "आणि मी? मला काय?"

"सर, ज्यांची काळजी घेता ते गेले की काम संपतं. त्याच दिवशी. नोटीस नसते, पुढचा पगार नसतो. अकरापर्यंतचे तास तुमचे आहेत, पण घरच्यांची सही लागेल. दिली नाही तर आम्हाला लेखी कळवा, आम्ही बघू."

"त्यानंतर मी त्यांना कपडे घातले. फ्युनरल होममध्ये. तीन तास."

"मेल्यानंतरचे तास देता येत नाहीत, सर." मग म्हणाली, "आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस."

तोपर्यंत हे मला कोणी म्हणालं नव्हतं. ना मराठीत, ना इंग्रजीत. मी फोन ठेवला आणि रडलो नाही. राग आला. अडीच वर्षं एका माणसाला जगवलं आणि तो मेल्याच्या मिनिटाला मी कोणीच नव्हतो. त्या घरालाही आणि त्या सरकारलाही.

सोमवारी संध्याकाळी साहेब आमच्या अपार्टमेंटखाली आले. वर आले नाहीत. मला खाली बोलावलं. हातात पाकीट होतं.

"ऑफिसमधून फोन आला होता," ते म्हणाले. "बायकोला प्रश्न विचारले. आमच्या घराचं नाव लिहून ठेवलं त्यांनी. कळतंय का तुला काय केलंस? कृतघ्न माणूस."

मी पाकिटाकडे बघत होतो.

"इथल्या एकाही मराठी घरात तुला आता काम मिळणार नाही. मी बघतो ते." मग आवाज खाली आला. पाकिटातून कागद काढला. माझ्या आठ दिवसांचा, खरा. "हे बघ. मी वाईट माणूस नाही. सही करून देतो. तू फक्त ऑफिसला फोन कर, सांग की गैरसमज झाला. कोरे कागद वगैरे काही नव्हतं. आणि वहिनींना सॉरी म्हण. एवढंच."

कागद मी ओळखला. त्यात तो मंगळवार होता. आठ ते अकरा. ते पैसे मला हवे होते. महिन्याचं भाडं द्यायचं होतं, गोदामात परत घेतील की नाही माहीत नव्हतं. सॉरी हा शब्द त्या घरात मी दिवसातून दहा वेळा म्हणत असे. चहा सांडला तर, वहिनी रस्त्यात आल्या तर, आप्पा खोकले तर.

"नाही म्हणत," मी म्हणालो.

"काय?"

"सॉरी नाही म्हणत. गैरसमज झाला नाही. तुमच्या वडिलांचं सगळं मी केलं, त्याचे तास त्या कागदावर आहेत. सही करायची तर करा."

"नाही केली तर?"

"तर तुम्ही केली नाही. मी तसं लिहून कळवीन. तुमच्या नावासकट."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं असावं. मग कागद पाकिटात घातला, गाडीत बसले, गेले.

सही झाली नाही. मी ऑफिसला पत्र लिहिलं. बायकोनं स्पेलिंग तपासलं, वाक्यं माझी. उत्तर आलं, चौकशी चालू आहे. दुसरं पत्र लिहिलं. तेच उत्तर. मराठी घरांतून खरंच कोणी बोलावलं नाही. मी गोदामात परत गेलो, रात्रपाळी मिळाली.

पैसे अजून आलेले नाहीत. येतील असंही कोणी म्हणत नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पत्र टाकतो. कुठल्या दिवशी किती वाजता त्या घरात शिरलो, किती वाजता निघालो, आप्पांसाठी काय काय केलं, आणि सही कोणी नाकारली. सगळं दर वेळी पुन्हा लिहितो. त्यांना वाचायचा कंटाळा येईल. मला लिहायचा येणार नाही.