आधी कुणाकडे जेवायचं

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, त्याची माफी असावी. चौथीनंतर पेन फारसा हातात आला नाही. चारचौघांत बोलायला लाजते, म्हणून इथं लिहिते.

माझा मुलगा आखातातल्या एका लहान देशात बंदरावर क्रेन चालवतो. त्याला तिकडं पाठवायला ताडकळसच्या नणंदेनं लेकीच्या लग्नाचे पैसे उसने दिले होते. मग तिथल्या दोन मोठ्या शेजारी देशांत लढाई झाली. जहाजं थांबली, पगार थांबला, आणि इकडं भाचीची सोयरीक जमली. लढाई थांबल्यावर मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता खरी पंचाईत हाय. दोघं बी इथल्या देशाला विचारायलेत, तू कुणाचा? एकाला व्हय म्हणलं की दुसऱ्याची जहाजं गेली."

एवढासा देश दोन दांडग्यांच्या मधे कसा राहत असेल, याचं मला फार नवल वाटलं. आमचं शेत तसंच आहे. एका शेजाऱ्याकडून पाणी येतं, दुसऱ्याच्या रानातून वाट जाते. एका वर्षी त्या दोघांची मारामारी झाली आणि वेळ अमावस्येच्या सणाला दोघांनीही शेतात जेवायला बोलावलं. त्या दिवशी बोलावल्यावर न जाणं म्हणजे वैर. मी दोन्हीकडं भज्जी-भाकरी खाल्ली, आंबील मागून घेतली आणि इकडचं बोलणं तिकडं नेलं नाही.

मुलगा हसला. "म्हणजे इथल्या परराष्ट्र मंत्र्यानं बी दोन्हीकडं जेवावं?"

"जेवावं. पण दुसरीकडं गेल्यावर पोट भरलंय म्हणू नये."

पुढं मी प्रत्येक फोनला विचारायची, मंत्री कुणाकडं गेला? त्याला बघून कोण उठून उभं राहिलं? एकदा तो म्हणाला, "गेला गं तुझा मंत्री. आधी हरलेल्याकडं, मग जिंकलेल्याकडं."

मारामारीत डोक्याला टाके पडलेल्या शेजाऱ्याकडंच मीही आधी गेले होते. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

हळूहळू दोघांचीही जहाजं येऊ लागली, वेगवेगळ्या धक्क्यांवर. थकलेला पगार मिळाला आणि मुलानं पैसे पाठवले. लग्नाच्या आधी मी एसटीनं ताडकळसला गेले.

"वहिनी, त्या दोन देशांचं मिटलं का?" नणंदेनं विचारलं.

"त्यांचं न्हाई मिटलं. आपलं मिटलं," म्हणून मी सगळे पैसे तिच्या ओटीत ठेवले.