फुलं यादीत नव्हती

शकुनबाईंना प्रश्न पडला की त्यांचा हात थांबतो. हार अर्धाच ओवलेला राहतो आणि गिऱ्हाईक ताटकळतं. अमरावतीत देवळाच्या रस्त्यावर त्यांचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी फळी आणि वर ताडपत्री. फुलं येतात भातकुलीजवळच्या दीड एकरातून. तिथं त्यांचे यजमान नत्थुजी झेंडू लावतात, मोगरा जपतात.

मार्च २०२०मध्ये देऊळ बंद झालं, लग्नं थांबली. झेंडू ऐन भरात होता. आठवडाभर तोडून बांधावर टाकला, मग नत्थुजींनी उभं पीक उपटलं आणि सांबार म्हणजे कोथिंबीर आणि मेथी पेरली. भाजी विकायला मुभा होती. शकुनबाई हातगाडीवर सांबाराच्या जुड्या घेऊन गल्लोगल्ली फिरू लागल्या. एकदा चौकात पोलिसानं गाडी अडवली, तर जुड्यांखाली मोगऱ्याचे गजरे निघाले.

"भाजी चालते, बाई. फुलं यादीत नाई."

"थे यादी कोन करते, साहेब?"

"वरून येते."

"वरून म्हंजे कुठून?"

पोलीस हसला आणि गाडी सोडून दिली.

वर्ष गेलं. आता सुरळीत होईल म्हणून लग्नसराईसाठी झेंडू पुन्हा लावला. २०२१च्या फेब्रुवारीत रुग्ण वाढले आणि बाकी महाराष्ट्र बराचसा उघडा असताना अमरावती परत बंद झाली.

हे सगळं मला नंतर कळलं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते २०२४ साली, आमच्या कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत. विषय होता, टाळेबंदीची किंमत छोट्या दुकानदारांनी मोजली का. मी परीक्षक होतो. शकुनबाई पाहुण्यांचे हार घेऊन आल्या होत्या. हार देऊन निघून जाण्याऐवजी त्या मागच्या रांगेत बसल्या. हर्षा नावाची मुलगी दुकानदारांच्या बाजूनं तळमळून बोलली. रोहितनं खाटा, प्राणवायू, दवाखान्याबाहेरच्या रांगा डोळ्यांपुढे उभ्या केल्या. टाळ्या दोघांनाही पडल्या. शेवटी मी सहज विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का?

शकुनबाई उभ्या राहिल्या. "पयल्या बंदीचं मी नाई इचारत. तवा कोणालेच काही माईत नव्हतं. पन दुसरी बंदी आली तवा वरीस झालं होतं. माही फळी बंद ठेवली, तं किती लोकं वाचले, हे कोणी पाह्यलं काय? मी भांडून नाई राहिली. मले खरंच माईत करून घ्याचं हाय."

हर्षानं हातातले कागद चाळले. मग म्हणाली, "मला नाही माहीत, काकू."

बक्षीस मी रोहितला दिलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन हर्षाच फळीपाशी हजर झाली.

दोन महिने दर रविवारी दोघी दुकानं फिरल्या. चपलांच्या दुकानदारानं धंदा कायमचा सोडला होता. बांगड्यावाली म्हणाली, बंदी होती म्हणून माझा म्हातारा बाप घरात राहिला आणि वाचला. चहावाला रिक्षा चालवत होता आणि त्याला तेच बरं वाटत होतं. एकाचं उत्तर दुसऱ्याला जुळेना. शकुनबाईंना त्याची गंमत वाटायची. "पाह्य वं, इचारलं तवाच समजलं," त्या म्हणायच्या.

मग एका रविवारी हर्षा म्हणाली, "काकू, तुमचंच लिहायचं राहिलं. तुम्ही काय केलं?"

शकुनबाईंनी सांगितलं. त्या दुसऱ्या बंदीत, निर्बंध असतानाच, शेषराव शिंप्याच्या मुलीचं लग्न झालं. परवानगी मोजक्या माणसांची, जमली शंभरावर. हार शकुनबाईंनी लपवून पोचवले, तिथंच जेवल्या. पंधरा दिवसांनी शेषरावांची आई वारली. त्या दिवसापासून शकुनबाई त्या गल्लीत गेल्या नव्हत्या.

"हारानं काही झालं नसन. पन मी नाई म्हटलं असतं, तं लगन लहान झालं असतं काय, हे मले माईत नाई."

"लिहू?"

"लिह्य. नाव बी लिह्य."

आणि त्याच दिवशी हर्षाला घेऊन त्या शेषरावांकडे गेल्या. शेषराव मशिनवर होते. प्रश्न ऐकून त्यांनी कापड बाजूला सारलं.

"माय बिमार कवा पडली, हे इचारणाऱ्या तुमी पयल्या. बाई, लग्नाच्या दोन दिवस आंधीच तिले ताप होता."

शकुनबाईंना हलकं वाटायला हवं होतं, असं हर्षाला वाटलं. त्या भडकल्या.

"मंग मले सांगाचं होतं ना! मी घरी जाऊन नातीले मांडीवर घेतलं!"

शेषरावांनी मान खाली घातली. "चुकलं माहं."

मग शकुनबाईंनीच विचारलं, आता आवाज खाली होता. "बंदी नसती, तं सांगतलं असतं?"

"सांगतलं असतं. तारीख पुढं नेली असती. पन परवानगी त्या एकाच दिवसाची होती. कागद हातातून गेला असता, तं पुन्हा कवा भेटला असता?"

असं उत्तर आमच्या स्पर्धेत कोणीच दिलं नव्हतं. हर्षानं ते जसंच्या तसं लिहिलं. बंदीमुळे लग्न लहान झालं नाही आणि बंदीमुळेच ताप लपला. पण बंदी नसती तर किती लग्नं, किती ताप, हेही तिला वगळता येईना.

परत येताना तिनं विचारलं, "काकू, आता काय वाटतं? बरोबर होतं की चूक?"

"थांब, अजून नवरीले इचारलंच नाई."

नवरी करिश्मा अकोल्याला दिली आहे. पुढच्या रविवारी दोघी एसटीनं निघाल्या. मूर्तिजापूरपर्यंत हर्षाला बसायला जागा मिळाली नाही, म्हणून वही शकुनबाईंच्या मांडीवर होती. त्यांना वाचायला वेळ लागतो. एकेक दुकान, एकेक नाव बोटानं पुढं सरकत होतं आणि मध्येच मान वर करून त्या विचारत होत्या, "हे काहून असं लिह्यलं?"