चार बोटांची सुरी

सुरीतात्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत. आधी कमरेकडे बघत. कमरेला सुरी नसेल, तर पुढचं बोलणं तुच्छतेनंच होई. मी पहिल्यांदा त्यांच्या तळावर गेले तेव्हा माझ्या कमरेला मोबाईलचं पाकीट होतं आणि हातात चराईबंदीविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा. तात्या एका मेंढीचा खूर तासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मोकळ्या कमरेची आलीस व्हय? मंग झाडाखाली बस. रानातलं काय इचारू नगंस."

मी चिडले. मेंढपाळांच्या हक्कासाठी नेवासा-शेवगावचे रस्ते तुडवत होते आणि हा म्हातारा मला झाडाखाली बसवत होता! सरळ सांगते, मला ते आवडले नाहीत. आवडायला वर्ष लागलं, आणि तोवर मी त्यांचं जे करायचं ते करून बसले होते.

ती सुरी दिसायला काहीच नव्हती. टेम्पोच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून शेवगावच्या बाजारात घिसाड्यानं ठोकून दिलेली, काळपट, बाभळीच्या मुठीची. पातं लांबीला तात्यांच्या चार बोटांच्या रुंदीएवढं, तसूभरही जास्त नाही. "लांब पातं भांडनाला," ते म्हणत. "कामाला चार बोटं. ती बी आपली सोताची. दुसऱ्याच्या बोटांनी मोजल्याली सुरी घिऊ नगं."

बाजारात त्यांच्याबरोबर सुरी बघायला जाणं म्हणजे विक्रेत्याची अब्रू जाताना बघणं. आधी मुठीचं बूड बघायचे. पात्याचं लोखंड तिथपर्यंत पोचलेलं दिसलं नाही, की सुरी परत फेकायचे. मग पातं नखानं वाजवायचे. मग हात पाण्यात बुडवून मूठ आवळायची. "कोरड्या हातात समद्याच ग्वाड लागत्यात. रगतानं हात भरला की कळतं कोन ऱ्हातीय आन् कोन पळतीय." एकदा एका दुकानदारानं चकचकीत स्टीलची सुरी पुढं केली. तात्या म्हणाले, "ही लग्नातल्या फोटूला ठेव. केक कापाया."

मायेचं म्हणाल, तर ती मेंढ्यांसाठी होती, आणि तीही कापूनच दाखवत. एका सकाळी एक कोकरू ट्रकखाली सापडलं. मागचा भाग पार गेलेला, जीव मात्र होता. मी रडायला लागले. तात्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कानामागं खाजवलं आणि दुसऱ्या हातानं एका झटक्यात संपवलं. मग सुरी पटक्याच्या टोकाला पुसत मला म्हणाले, "रडायचं आसंल तर लांब जाऊन रड. जाताना त्येला तुजं रडनं कशापायी ऐकवतीस?"

आता माझा भाग.

नगरला मोर्चा ठरला. पत्रक मीच लिहिलं. त्यात एक ओळ ठळक टाकली : कोणीही कोयता, कुऱ्हाड, सुरी बरोबर आणू नये. का टाकली? उद्या कोणी आम्हाला गुंड म्हणू नये म्हणून. ज्या हत्यारावर माणसाचं पोट चालतं त्याला शस्त्र म्हणणाऱ्यांविरुद्ध मी घसा फोडत होते, आणि पत्रकात त्यांचीच भाषा लिहीत होते.

तात्या सवयीनं सुरी घेऊनच आले. मी अडवलं. त्यांनी म्यानासकट ती माझ्या हातात ठेवली. "घेतलीस तर सांजच्याला दे."

"देते, तात्या."

मोर्चा जोरात झाला. आणि संध्याकाळी माझ्या डोक्यात आलं, की पुढच्या पत्रकावर हीच सुरी छापायची. 'हे शस्त्र नाही, हे आमचं औजार!' झकास. मी म्हटलं, "तात्या, परवा आणून देते. फोटो काढायचाय. तोवर हा माझा घ्या." आणि माझा घडीचा लाल चाकू त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उघडला, मिटला, परत उघडला. "ही मधनंच वाकती की. वाकनारीवर भार कसा टाकू?"

"दोनच दिवस, तात्या."

टेम्पो सुटायला आला होता. बाकीचे हाका मारत होते. मोर्चासाठी आलेला माणूस आपल्या पोरीसारख्या कार्यकर्तीचा हात पिरगाळून सुरी कशी काढून घेणार? ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रवरेच्या अंगाला, दव पडलेल्या लसूणघासाच्या वावरात त्यांच्या मेंढ्या घुसल्या. ओला घास अधाशासारखा खाल्ला आणि पटापट फुगल्या. अशा वेळी डाव्या कुशीच्या खळग्यात, कण्यापासून चार बोटं खाली, सुरी खुपसून वारा काढायचा असतो. तात्यांनी असल्या कितीतरी उठवल्या होत्या. त्या दिवशी पहिल्याच मेंढीच्या कातडीवर जोर लावला आणि माझा चाकू मिटला. त्यांच्या पहिल्या बोटावर, हाडापर्यंत. तो तसाच उघडून, रक्तानं निसटत्या मुठीनं, ते दुसरीकडं वळले, तिसरीकडं वळले. पाच मेंढ्या मेल्या. त्यात कळपाच्या पुढं चालणारी म्हातारी मेंढीही होती.

त्याच वेळी मी नगरात खिडकीपाशी उजेड बघत होते. सुरी काळी दिसते म्हणून तिला पॉलिश मारत होते.

बोट हळद लावून बांधलं. ते चिघळलं. शेवटी दोन पेरं काढावी लागली. मी सुरी घेऊन गेले तेव्हा हात पांढऱ्या पट्टीत होता. मी बोलायला तोंड उघडलं. तात्यांनी डाव्या हातानं सुरी उपसली, उन्हात धरली आणि म्हणाले, "लई चमकीवलीस." एवढंच. त्यांच्या सूनबाईंनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच केलं.

पत्रक मात्र गाजलं. फोटो सुरेख आला होता.

काही महिन्यांनी सह्या घ्यायला तळावर गेले. सूनबाई पाण्याला गेल्या होत्या. आमच्यासमोर एक मेंढी डुलली आणि पडली. कूस ढोलासारखी. तात्या उठले, डाव्या हातानं सुरी काढली आणि मूठ माझ्याकडं केली.

"धर."

"मी? तात्या, मला नाही..."

"मंग कोन? तुजं पत्रक?"

मी गुडघ्यावर बसले. सवयीनं त्यांनी माप दाखवायला उजवा हात मेंढीच्या कण्याखाली आडवा ठेवला. तीन बोटं आणि एक खुंट. क्षणभर त्या हाताकडं बघितलं आणि काढून घेतला.

"माजी नगं. तुजी मोज."

मी माझी चार बोटं मोजली. "मूठ आवळ," ते ओरडले, "आन् जोर लाव! ती मरतीय, तुजी लाज न्हाई मरत!" मी पातं घातलं. शिट्टीसारखा वारा सुटला, आंबलेल्या घासाचा वास तोंडावर आला. मेंढी खोकली, धडपडली, उभी राहिली. मी तात्यांकडं बघितलं. शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू?

त्यांनी सुरी घेतली, पुसली, म्यानात घातली.

"येक झाली," म्हणाले. "चार ऱ्हायल्या."

तात्या या उन्हाळ्यात गेले. सुरी सूनबाईंच्या कमरेला आहे, तिथंच ती हवी. मी शेवगावच्या बाजारातून माझी घेतली. बूड बघून, पातं वाजवून, ओल्या हातानं धरून, माझ्या बोटांच्या मापाची. सुरी आणू नये, ही ओळ मी आता कुठल्याच पत्रकात लिहीत नाही. मागच्या आठवड्यात घोडेगावच्या वाटेवर एका अनोळखी कळपातली मेंढी उठवली. ती तिसरी.

अजून दोन राहिल्या आहेत.