खालची खोली

माझ्या फोनमध्ये एक नंबर 'खालची खोली' या नावानं आहे. नंबर घेतला तेव्हा त्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं आणि विचारावं असंही वाटलं नव्हतं. घाईत जे सुचलं ते टाइप केलं. आता नाव माहीत आहे, पण बदलायचा धीर होत नाही.

मी पाऊस मोजतो. नोकरीच ती आहे. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात, तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला त्याचं नरसाळं काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा आणि फोनवरून वरच्या कचेरीला कळवायचा. पंचवीस वर्षं हेच चाललंय. या कामानं माणूस शहाणा होतो असं नाही, चिडका मात्र नक्की होतो. कुणी म्हणालं, काल लय पाऊस झाला, की माझ्या तोंडून निघतंच, "लय म्हणजे किती?" पाहुणे गेल्यावर बायको सुनावते, "आवं, येणाऱ्या-जाणाऱ्याची तरी परीक्षा घेऊ नगा."

गेल्या वर्षी मुलगी बारावी झाली आणि सांगलीला बीएस्सीला तिचा नंबर लागला. मुलींच्या वसतिगृहातही जागा मिळाली. घरात आठ दिवस तिच्या सामानाचा पसारा पडला होता. बायकोची यादी वेगळी होती: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, बादली, मग, दोरी, चिमटे, दोन कुलपं. माझी यादी एकाच गोष्टीची होती. जे भिजून चालणार नाही ते सगळं प्लॅस्टिकमध्ये गेलं पाहिजे. आमच्या वह्यांसाठी जाड, तोंडाला पट्टी दाबून बंद होणाऱ्या पिशव्या मिळतात, त्यातल्या दोन मी आणल्या होत्या. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सगळं एका पिशवीत घातलं, हवा काढली, पट्टी दाबली आणि बादलीत बुडवून बघितलं. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरगी काय नदीत ऱ्हायला निघालीय व्हय?" मुलगी हसली. मला राग आला आणि मी पिशवी परत एकदा बुडवली.

खरं म्हणजे मी घाबरलो होतो. आमच्याकडचं पाणी पुढं कुठं जातं हे मला ठाऊक आहे. एक-दोन दिवसांत ते सांगलीला पोचतं. आजवर मी फक्त आकडा कळवायचो. आता त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला माझी मुलगी राहायला जाणार होती.

शेजाऱ्याची जुनी व्हॅन घेऊन आम्ही तिघं निघालो. कराड, पेठनाका, आष्टा करत अकराला सांगलीत पोचलो. वसतिगृहाच्या अंगणात गाद्या, ट्रंका, बादल्या आणि रडवेल्या आया यांची गर्दी होती. फळ्यावर यादी लावली होती. मुलीला तळमजल्यावरची मागच्या बाजूची खोली मिळाली होती. आत जाऊन मी आधी भिंत बघितली. नवा रंग दिला होता, पण माझ्या छातीएवढ्या उंचीवर एक आडवी रेघ रंगाखालून दिसत होती. रेघेच्या खालचा गिलावा फुगलेला होता, वरचा नव्हता. खिडकीतून ओढा दिसत होता.

मी तडक रेक्टर मॅडमकडं गेलो आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. ही खोली द्यायची हिंमत कशी होते, इथं पाणी येतं हे तुम्हाला माहीत नाही का, वगैरे. मॅडम शांत होत्या. त्या म्हणाल्या, "वर जागा नाही. वरच्या मुलीचे पालक तयार असतील तर आपसात बदला. दोघांच्या सह्या आणा."

मी जिन्यापाशी उभा राहिलो. वर जाणाऱ्या माणसांची तोंडं बघत होतो. माणूस कसा निवडायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण निवडला मात्र बरोबर. माझ्याच वयाचा, धुवट सदऱ्यातला, डोक्यावर टोपी, खांद्यावर गादी. गुडघा धरत एकेक पायरी चढत होता. मागून त्याची मुलगी ट्रंकेची एक कडी धरून दुसऱ्या एका पोरीबरोबर ट्रंक ओढत होती. आष्ट्याचे होते. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती.

मी त्यांच्या खांद्यावरची गादी उतरवून घेतली. आमची खालची खोली आहे, म्हणालो. जिना नाही, नळ जवळ, मेस जवळ. तुम्ही भेटायला आलात तर गुडघ्याला त्रास नको. हवी तर घ्या, आम्ही वर जातो.

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "एवढी चांगली हाय, मग तुमी का सोडताय?"

माझी मुलगी शेजारीच होती. ती म्हणाली, "पप्पा, पाण्याचं सांगा ना त्यांना."

आता सांगणं भाग होतं. मी हसत हसत सांगितलं. पाऊस फार झाला तर मागं थोडं पाणी येतं म्हणतात. पण मी स्वतः वर पाऊस मोजतो, आमच्याकडं काय पडलं ते मला सगळ्यांच्या आधी कळतं. तसं काही दिसलं तर मी तुम्हाला आदल्या दिवशी फोन करीन. तुम्ही आष्ट्याहून तासाभरात येऊन मुलीला घेऊन जाल. भिंतीवरच्या रेघेबद्दल मी बोललो नाही.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग काय वांदाच न्हाई. तुमी वर हाय म्हणल्यावर," म्हणाले आणि सही केली. मी त्यांचा नंबर घेतला. मनाला थोडं लागलं होतं म्हणून असेल, उरलेली प्लॅस्टिकची पिशवी मी त्यांच्या मुलीला दिली. तिचे कागद कापडी पिशवीत होते. पट्टी कशी दाबायची ते मी तिला दोनदा दाखवलं. ती पोरगी मला "थँक्यू काका" म्हणाली.

परतताना मी व्हॅनमध्ये गाणी लावली होती. मुलीला सोडून येणाऱ्या बापानं रडायचं असतं, पण मी खुशीत होतो. आष्टा आलं तशी बायकोनं गाणी बंद केली. मग म्हणाली, "ती बी कुणाचीतरी पोरगीच हाय की वं." मी म्हटलं, फोन करणार आहे ना मी. एवढ्यावर विषय मिटला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो दिवस आला. आदल्या दुपारपासून पाऊस असा लागला होता की समोरचा डोंगर दिसत नव्हता. सकाळी साडेआठला बाटली काढली तर ती भरून बाहेरच्या डब्यात पाणी उतरलं होतं. मोजपात्र भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. मी किती वेळा भरलं ते मोजताना चुकलो आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला सहकाऱ्याला विचारावं लागलं. खाली सगळीकडंच असा पडत होता.

वर आकडा कळवला आणि लगेच मुलीला फोन लावला. तेवढ्यात रेंज गेली. छत्री उलटी होईपर्यंत चालत रस्त्याच्या वळणावर गेलो, तिथं एक काडी आली. मुलीला म्हणालो, कपडे घे, कागद घे, आत्ताच्या आत्ता एसटी पकड आणि कराडला ये. ती म्हणाली, कॉलेजला सुट्टी नाही. मी ओरडलो. ती निघाली. मग ती बसमध्ये बसली का, पेठनाका ओलांडला का, असं दर पंधरा मिनिटांनी विचारत मी कराडला पोचलो. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

कराड स्टँडवर ती उतरली. मी तिची बॅग घेतली. तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर, "खालच्या खोलीतल्या त्या मुलीच्या पप्पांना फोन केलात ना?"

सकाळपासून तो माणूस माझ्या मनात एकदाही आला नव्हता. एकदाही नाही. विसरलो म्हणावं तर विसरायला आधी आठवण असावी लागते.

"केला," मी म्हणालो.

"बरं झालं. मी तिला म्हटलं माझ्याबरोबर चल, तर म्हणाली, काका फोन करणार आहेत, मग पप्पाच येतील न्यायला."

त्याच क्षणी बाजूला होऊन फोन लावता आला असता. दुपारचा एकच वाजला होता. पण मुलगी समोर होती, आणि केला म्हणून सांगितलेला फोन तिच्यासमोर कसा करणार? घरी गेल्यावर करू म्हटलं. घरी पोचायला तीन वाजले, आणि लावला तर बंद लागला. मी एकदाच लावला. मनातून मला हायसंच वाटलं, हे इथं लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीचा फुगवटा ओढ्यात चढला आणि पाणी वसतिगृहात शिरलं. मुलींना शेजारच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर नेलं. आष्ट्याची पोरगी पण गेली होती. पण तिला कागदांची आठवण झाली आणि ती कुणाला न सांगता गुडघाभर पाण्यातून परत खोलीत गेली. पाण्याखाली फुटकी काच होती. पाय कापला. त्या गोंधळात नीट औषधपाणी झालं नाही, जखम चिघळली, मिरजेच्या दवाखान्यात महिना गेला. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. हे सगळं मला मुलीकडून कळलं. ती दवाखान्यात जाऊन आली होती. घरी येऊन ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर समोर धरला होता.

ती पोरगी कॉलेजला परत आली नाही. त्या महिन्यात 'खालची खोली' हे नाव माझ्या फोनवर दोनदा उजळलं. दोन्ही वेळा मी फोन उपडा ठेवला.

यंदा जुलैमध्ये तिसऱ्यांदा आलं. मी नरसाळ्यातला पाचोळा काढत होतो. का कोण जाणे, उचलला.

"साहेब, वळखलं का? आष्ट्यासनं बोलतोय. लय दिवस फोन करायचा व्हता, उचलत नव्हता, म्हणलं कामात असाल."

मी त्यांच्या मुलीच्या पायाचं विचारलं.

"चालतीया आता. लांब न्हाई चालत, पर चालतीया. चूक माझीच बगा, साहेब. त्या दिवशी सकाळी तिनं मला विचारलं व्हतं, येऊ का घरी म्हणून. मी म्हणलं थांब, साहेबांचा फोन न्हाई अजून. आन् दुपारी आमच्याकडची लाइट गेली, फोनचं चार्जिंग संपलं. तवाच तुमी लावला असणार. फोन चालू केला तर तुमचा मिस कॉल व्हता की. दोन दिवस जेवान गेलं न्हाई मला."

मी हातातला पाचोळा कुंपणाबाहेर टाकला. बोलायची ती वेळ होती. माझ्याकडं शब्दही होते, गेलं वर्षभर मी तेच घोळवत होतो.

"आन् तुमच्या पिशवीचं लय उपकार," ते पुढं म्हणाले. "कागद येक थेंब भिजला न्हाई. त्येच कागद घिऊन आता आष्ट्यातच बाहेरनं परीक्षा देणार हाय. बरं, फोन कशासाठी केला, तर धाकटीला बी सांगलीलाच मिळालं. तेच कॉलेज. आन् त्येच हास्टेल."

"खोली कुठली?" मी विचारलं.

"तीच की. खालचीच. रेक्टरबाई म्हणत व्हत्या, बदलून देऊ का. थोरली बी म्हणत व्हती, बदला. मी म्हणलं, कशाला? साहेब हायत की वर. या टायमाला फोन रातंदिस चार्जिंगला लावून ठिवतो, बगा. कराल न्हवं फोन?"

"करीन," मी म्हणालो. गेल्या वर्षी जिन्यातही हेच म्हणालो होतो.