दोन धागे आणि एक काडी

परवा ब्लाऊजसाठी अस्तर घेताना दुकानदाराने कापडातला एक धागा ओढला आणि पेटत्या काडीवर धरला. कागद जळल्यासारखा वास आला, बोटांवर मऊ राख उरली. "प्युअर कॉटन, मॅडम," तो म्हणाला. त्या वासासरशी मी सातवीच्या वर्गात जाऊन पोहोचले.

मी तेव्हा भिवंडीत नवी विज्ञानशिक्षिका होते. धागा जाळला तर कोणता बदल होतो, या प्रश्नाचं मी शिकवलेलं उत्तर एका शब्दाचं होतं: रासायनिक. चाचणीत माझ्या वर्गातल्या शबानाने लिहिलं, "सुती धागा जळतो, तो रासायनिक. पॉलिस्टर आधी वितळतो, तो भौतिक." मी लाल फुली मारली.

पालकसभेला तिचे अब्बा लूमवरची ड्युटी संपवून थेट आले. केसांत अजून कापसाचे तंतू होते. त्यांनी खिशातून दोन धागे काढले, काडी पेटवली. एकाची राख झाली. दुसरा आक्रसत वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी तयार झाला.

"मॅडम, आमी असाच बघून माल ओळखतो. पोरीला मीच सांगितला."

बाकीचे पालक बघत होते. मला कळलं होतं, तरी मी म्हणाले, "पुस्तकात तसं नाहीये."

"मग पुस्तकाचाच बरोबर असंल," ते हसून म्हणाले. "तिला तसाच लिवायला सांगतो."

त्यांना पटलं, असंच तेव्हा मी धरून चालले. खरं तर भरल्या वर्गात त्यांनी माझी लाज राखली होती.

वार्षिक परीक्षेत शबानाने एकच शब्द लिहिला, रासायनिक. मी तिला पूर्ण गुण दिले.